उंची मोजली, चाल कुणी बघायची?

दुकानाच्या पाट्यांबाबत आपल्याकडे कायदा आहे आणि तो पुरेसा स्पष्ट आहे. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून दुकानात दहा कामगार असोत की एकटा मालक, नामफलक देवनागरीत हवा, मराठी आधी यायला हवी आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं मुंबईच्या व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि पाट्यांचा विषय पुन्हा पेटला. आता कोल्हापूरच्या राजारामपुरीतून चालत जा. कायदा पाळलेला दिसतो. कॅफेचं, केकच्या दुकानाचं, बुटीकचं इंग्रजी नाव गुबगुबीत, उजवीकडे कललेल्या अक्षरात असतं, शेवटच्या अक्षराची शेपटी मागं वळवून नावाखालून फिरवलेली. त्याच्या डोक्यावर तेवढ्याच उंचीत मराठी नाव. ते कुठल्या अक्षरात? फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर जे आधी सापडलं त्यात. इंग्रजी नाव गिऱ्हाइकाला हाक मारतं, मराठी नाव इन्स्पेक्टरला हजेरी देतं.

कायद्याला दोष द्यायचा नाही. कायदा फूटपट्टी लावू शकतो, अक्षराच्या चालीबद्दल तो काय बोलणार? पण कलानगरी म्हणवून घेणाऱ्या शहरानं त्याबद्दल बोलायला हरकत नव्हती. (ही 'कलानगरी' सुद्धा हल्ली स्वागतकमानीवर अशा अक्षरात असते की कलेचा संबंध शोधावा लागतो.) माझं म्हणणं असं आहे की मराठी पाटीला खेळकर, तिरकं, अंगापिंडानं भरलेलं अक्षर मिळालं पाहिजे. ते अक्षर कोल्हापूरच्या पेंटरांच्या हातात होतं, काहींच्या हातात अजून आहे. ते सार्वजनिक पैशातून, कुणालाही फुकट वापरता येईल अशा फॉन्टच्या रूपात घडवावं. आणि त्याच हिशेबानं, जिथं लोकांना माहिती द्यायची आहे तिथून असल्या अक्षराची हकालपट्टी करावी. दोन्ही मागण्या एकत्र आहेत. एक घेऊन दुसरी सोडली तर पहिलीत दम राहत नाही.

गूगलच्या मोफत संग्रहात 'श्रीखंड' नावाचा एक फॉन्ट आहे. जॉनी पिनहॉर्न या डिझायनरनं तो केला. गुजरातेत रस्तोरस्ती हातानं रंगवलेल्या पाट्या असतात, त्यांवरून त्याला हे अक्षर सुचलं. अक्षर जाड, अगदी जाड. उजवीकडे चांगलंच कललेलं. जाड रेघ एकदम बारीक होते आणि पुन्हा फुगते, टोकं गोल आहेत, पोटं भरलेली आहेत. लाजणं वगैरे त्याला माहीत नाही. एका शब्दाला ते पुरतं, दोन शब्दांना चालतं. परिच्छेद लावायला गेलात तर पाचव्या ओळीला डोळे शरण येतात. मिठाईचा खोका, आईस्क्रीमची गाडी, ऑर्केस्ट्राचं पोस्टर, गॅदरिंगची पत्रिका इथं ते घरच्यासारखं वावरतं. त्याला मोठा आकार लागतो, आजूबाजूला मोकळी जागा लागते, आणि शेजारी दुसरं कुणी नखरेल अक्षर चालत नाही. एका पाटीवर एकच.

नाव आपल्या ताटातलं असलं तरी फॉन्ट गुजराती आणि रोमन या दोनच लिप्यांत आहे. देवनागरीत नाही. म्हणजे महाद्वार रोडवरच्या एखाद्या दुग्धालयाला 'श्रीखंड' हा शब्द 'श्रीखंड'मध्ये मराठीत लिहिता येत नाही. यात कुणाचा कट नाही. गुजरातीला शिरोरेषा नाही. तिची अक्षरं सुटी उभी राहतात, त्यामुळं त्यांना कलायला मोकळीक आहे. देवनागरीत खरी अडचण तिथंच सुरू होते, आणि ती समजून घेतल्याशिवाय या विषयावर कळवळून बोलण्यात अर्थ नाही.

त्याआधी थोडं तिरक्या अक्षराच्या जन्माबद्दल. छपाईतलं तिरकं अक्षर काही नखरा म्हणून जन्मलं नाही. व्हेनिसच्या आल्डुस मानुतिउस या प्रकाशकानं १५०१ साली व्हर्जिलच्या कविता हाती धरता येतील एवढ्या लहान आकारात छापल्या, आणि अख्खं पुस्तक तिरक्या अक्षरात लावलं. ते अक्षर फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिरानं कोरलं होतं आणि त्याचा नमुना होता त्या काळच्या शिकल्यासवरल्या लेखनिकांचं वाहतं हस्ताक्षर. गंमत अशी की मोठी अक्षरं त्यानं सरळ उभीच ठेवली, कलली ती फक्त लहान अक्षरं. म्हणजे पहिल्या दिवसापासून त्या अक्षरात काही उभं, काही झुकलेलं असा संसार होता. पुढं ते उभ्या अक्षराच्या हाताखाली गेलं आणि एखाद्या शब्दावर जोर देण्यापुरतं उरलं. जाहिरातीच्या काळात मात्र त्याला स्वतःचं घर मिळालं. १९५३ साली फ्रान्समध्ये रोजे एक्सकोफों यानं 'मिस्त्राल' केला. छपाईचे धातूचे खिळे असूनही अक्षरं हातानं एका दमात लिहिल्यासारखी जोडली जातात. २०१० साली पाब्लो इम्पायारीचा 'लॉब्स्टर' मोफत आला आणि जगभरच्या कॅफेंच्या काचांवर जाऊन बसला. इतका की डिझायनर मंडळी त्याला नाकं मुरडू लागली. खेळकर अक्षराचं हेच दुखणं आहे. सगळ्यांनी वापरलं की खेळ संपतो. राजारामपुरीत इंग्रजी नावांवर जे अक्षर दिसतं ते या घराण्यातलं, पण सातव्या पिढीतलं.

आता देवनागरी. मराठी मजकुरावर कर्सर फिरवून तिरक्या अक्षराचं बटण दाबलं तर अक्षर तिरकं होतं, मग अडलं कुठं, असं कुणालाही वाटेल. बहुतेक देवनागरी फॉन्टांना स्वतःचं तिरकं रूपच नसतं. कॉम्प्युटर मग उभ्या अक्षराला एका बाजूनं ढकलतो. गगनबावड्याच्या घाटात एसटीनं वळण घेतलं की उभे प्रवासी एका अंगावर जातात, तसलं ते झुकणं. त्यात त्यांची मर्जी नसते. आणि ढकलल्यावर अक्षराचं काय होतं ते जरा निरखून बघण्यासारखं आहे. आडवी रेघ आडवीच राहते, म्हणून शिरोरेषा जागची हलत नाही आणि तिच्याखाली दांड्या तेवढ्या कलंडतात. शिरोरेषेच्या वरचा ऐवज, म्हणजे मात्रा, वेलांट्या, रफार, अनुस्वार, उजवीकडे सरकतो. खालचे उकार डावीकडे जातात. 'कोल्हापूर' लिहा आणि मोठं करून बघा, दीर्घ उकार 'प'च्या पायाखालून निसटून 'हा'च्या कान्याकडे निघालेला दिसेल.

याहून नाजूक बाब रेघेच्या जाडीची. रोमन अक्षर ज्या टाकानं घडलं त्याची काट, म्हणजे टोकाचा तिरपा छेद, एका बाजूला, देवनागरीच्या बोरूची काट नेमकी उलट्या बाजूला. त्यामुळं वरून डावीकडून खाली उजवीकडे उतरणारी रेघ रोमनमध्ये जाड, देवनागरीत बारीक, आणि उलट कलाची रेघ देवनागरीत जाड. कॉम्प्युटरनं अक्षर उजवीकडे ढकललं की नेमकी ही जाड रेघ झोपते आणि बारीक होते. बारीक रेघ उभी होऊन जाडावते. म्हणजे बोरूनं शेकडो वर्षांत जे कमावलं ते एका बटणानं उलटं. वाचणाऱ्याला यातलं काही सांगता येत नाही, पण अक्षर 'कसनुसं' दिसतंय एवढं त्याला कळतं. पाटी लावणाऱ्या दुकानदारालाही कळतं. म्हणून तो मराठी नावाला खेळवायच्या फंदात पडत नाही, सरळ उभं अक्षर घेऊन मोकळा होतो. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

शिरोरेषेशी खेळायचं ठरवलं तरी काही नियम मोडता येत नाहीत. 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म' यांना ओळखायची मोठी खूण म्हणजे शिरोरेषा कुठं तुटते आणि कुठं सलग जाते. ती रेघच काढून टाकली, किंवा सगळीकडे तुटकी केली, तर 'भोजन' आणि 'मोजन' यांत उरतो एका गाठीचा फरक. जाड अक्षरात ती गाठ बुजते. मराठीला आणखी स्वतःच्या मागण्या आहेत. पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' हवा. 'दऱ्या'तला अर्धा 'र' हवा. 'ळ' असा हवा की तो पाहुणा वाटू नये. रोमनमध्ये सव्वीस अधिक सव्वीस अक्षरं, आकडे आणि विरामचिन्हं केली की पाटीपुरतं काम भागतं. देवनागरीत जोडाक्षरं धरून रूपं शेकड्यांत जातात. एखाद्या हौशी डिझायनरनं दोन रविवारांत उरकावं असं हे काम नाही. खेळकर देवनागरी अक्षर दुर्मीळ का, याचं निम्मं उत्तर इथं आहे. कामाचे पैसे कुणी देत नाही, हे उरलेलं निम्मं.

खेळकर देवनागरी फॉन्ट अजिबात नाहीत असंही नाही. 'एक टाइप' या मुंबईच्या गटाचे 'मोदक' आणि 'बालू' आहेत, दोन्ही गोलमटोल, दोन्ही मोफत, दोन्ही उभे. 'यात्रा वन' हा फॉन्ट मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला आहे, आणि त्यात रोमन अक्षरांनी देवनागरीची काट उचलली आहे. हे फार क्वचित घडतं, एरवी आपल्यालाच त्यांच्या मापाचे कपडे घालावे लागतात. 'कलम' किंचित कललेला आहे, पण तो वहीतल्या हस्ताक्षराच्या जातीचा. जाडजूड, झुकलेलं, पाटीसाठीच घडवलेलं, पंधरा फुटांवरून डोळा मारणारं अक्षर मात्र विरळा.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो जाणत्या लोकांकडून येतो. देवनागरी ही उभी लिपी आहे, तिला कलवणं हेच मुळी परकं, छापील मराठीत जोर द्यायचा तर ठसा जाड करतात नाहीतर अवतरणात टाकतात, तिरकं करत नाहीत. हे छपाईपुरतं खरं आहे. पण मराठीचा इतिहास छपाईपासून सुरू होत नाही. आपल्याकडे दोन हात होते. पोथी, ग्रंथ यांच्यासाठी ठाशीव बाळबोध, म्हणजे देवनागरी, आणि दप्तरासाठी, हिशेबासाठी, घाईच्या पत्रासाठी मोडी. मोडी लिहिणारा आधी कागदभर आडवी रेघ ओढून घ्यायचा आणि मग तिच्याखाली, हात शक्य तितका कमी उचलत, अक्षरं पळवायचा. शिरोरेषा सरळ आणि अक्षर पळतं, हे दोन्ही एका ओळीत सुखानं नांदत होतं. कोल्हापूरच्या पुरालेखागारात करवीर संस्थानची जी दप्तरं आहेत त्यांतला कुठलाही रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, सोडून बघा.

युरोपात वाहत्या हाताला १५०१ साली छापखान्यात जागा मिळाली आणि तो उभ्या अक्षराशेजारी आजवर राहिला. आपल्याकडे बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात विल्यम केरीनं १८१० साली मराठी कोश मोडी ठशात छापला, पण ती वाट पुढं रुळली नाही. निर्णयसागरनं १८६९ पासून जे देखणे ठसे चालवले ते बाळबोधीचे. ते इतके चांगले होते की मराठी माणसाला छापील अक्षर म्हणजे तेवढंच, असं वाटू लागलं. विसाव्या शतकात शाळेतूनही मोडी गेली. आपला वाहता हात छपाईच्या उंबऱ्याबाहेर राहिला, आणि आता आपण म्हणतो की देवनागरीला झुकायची सवयच नाही. मोडीची नक्कल करून पाट्या लिहा असं माझं म्हणणं नाही. ती आज वाचणार कोण? पण मराठी लेखणीला वेग, झोक, शेपटी परकी आहे हे मला मान्य नाही.

आणि छापखान्यानं दार लावलं तरी रस्त्यावर तो हात जिवंत राहिलाच. मराठी नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडग्यांनी एकेका नावाला त्या नाटकाचा स्वभाव दिला, अक्षर बघून प्रेक्षकाला विनोदी की रडकं ते कळायचं. कोल्हापुरात तर 'पेंटर' हे आडनावासारखं लागतं. बाबुराव मेस्त्री हे बाबुराव पेंटर झाले ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवून. मग कॅमेरा आला, महाराष्ट्र फिल्म कंपनी आली, आणि चित्रपटाची पोस्टरंही हातानं रंगवली गेली. १९२९ साली इथं प्रभात सुरू झाली, १९३३ साली ती पुण्याला गेली, पण रंगाचे हात इथंच राहिले. जी. कांबळ्यांसारखा माणूस पुढं चित्रपटांच्या भव्य बॅनरांसाठी नावाजला. बॅनर रंगवणाऱ्या मोठ्या माणसाच्या हाताखाली जी पोरं रंग कालवत होती त्यांतली काही पाट्यांकडे वळली, आणि पेठापेठांतले बोर्ड त्यांच्या ब्रशातून उतरले.

हे पेंटर देवनागरी कशी कलवायचे ते बघण्यासारखं होतं. पत्र्यावर आधी खडूची दोरी मारायची, पण आडवी नाही, डावीकडून उजवीकडे चढती. सगळी ओळच चढली की शिरोरेषाही चढते, आणि मग दांड्या थोड्याशाच कलवल्या तरी नाव धावतं. शिरोरेषेची सुरुवात चपट्या ब्रशानं दाबून, शेवट झटक्यानं वर उडवून. 'र'चा पाय किंवा 'ई'ची शेपटी ओढून सबंध नावाला अधोरेखा द्यायची. पहिलं अक्षर मोठं, मधली लहान, शेवटचं पुन्हा मोठं. मग दुसऱ्या रंगानं आऊटलाईन, आणि डाव्या अंगाला शेड, म्हणजे अक्षर पत्र्यावरून उचलून आल्यासारखं दिसतं. कॉम्प्युटरनं ढकललेल्या अक्षरात आणि यात फरक असा की इथं प्रत्येक अक्षराबद्दल कुणीतरी निर्णय घेतला आहे. उकार निसटत असेल तर तो हातानं आत घेतला आहे. कोपऱ्यात बारीक अक्षरात पेंटरचं नाव असायचं. फ्लेक्सच्या कोपऱ्यात फोन नंबर असतो.

हा हात अजून बघायचा तर ऊसाच्या ट्रॉल्या बघा. हंगामाच्या तोंडावर रंगवून निघालेल्या ट्रॉलीच्या मागच्या फळीवर 'आईचा आशीर्वाद' असा काही झोकात लिहिलेला असतो की पाठीमागं अडकून पडलेला मोटरसायकलवालाही दोन मिनिटं तक्रार विसरतो. रिक्षांच्या मागं, बैलगाडीच्या साट्यांवर, तालमीच्या दारावर तो आहे. पेठांच्या फुटबॉल संघांची नावं पूर्वी कापडी फलकावर ब्रशानं यायची. आता जर्सीवर रेडियमनं येतात, आणि बहुतेकदा इंग्रजीत, कारण तालमीच्या पोरांना जो 'ॲटिट्यूड' हवा तो देणारं मराठी अक्षर दुकानात मिळत नाही. इथं भाषेच्या अभिमानाचं व्याख्यान देऊन काही होत नाही. शाहू स्टेडियमवर हलगी वाजत असताना जे नाव पाठीवर मिरवायचं त्याला शोभेल असं मराठी अक्षर हातात द्या, पोरं उद्या ते छापतील.

आता दुसरी मागणी, आणि तिथं मी जरा कडक आहे. खेळकर अक्षर चांगलं की वाईट हा प्रश्न जागेचा आहे, आणि आपण जागा उलट्या करून ठेवल्या आहेत. जिथं खेळायचं तिथं उभं, निर्जीव अक्षर, आणि जिथं गांभीर्य हवं तिथं वेलबुट्टी. 'भावपूर्ण श्रद्धांजली'चे फ्लेक्स बघा. गेलेल्या माणसाचा फोटो, फुलं, आणि वर अक्षरं अशी नाचरी की वाढदिवसाच्या फाईलमध्येच नाव बदललंय हे लपत नाही. एका दवाखान्याच्या दारावर वेळ लिहिली होती, आकडे वळणदार, शेपट्या लांब. देवनागरीत '१' आणि '९' यांत फरक तो केवढा, एका गाठीचा आणि एका वळणाचा. त्या वळणाला सुशोभित केल्यावर एकला उघडणाऱ्या दारापाशी नऊपासून एक आजी बसून होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं असं नाही. पाटी लिहिणाऱ्याला पाटीचं काम कळलं नव्हतं.

पावसाळ्यात कोल्हापूरकराच्या तोंडी दोन आकडे असतात. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी पाहिले त्यांना हे आकडे वेगळे सांगायला नकोत. ते ज्या फलकावर लिहायचे, स्थलांतराची सूचना ज्या फलकावर लावायची, तिथं अक्षर उभं, रुंद, मोकळ्या पोटाचं आणि रंगानं ठळक हवं, पावसात आणि बॅटरीच्या उजेडात वाचता येईल असं. रुग्णालयाचे बाण, औषधांच्या चिठ्ठ्या, रेशनच्या नोटिसा, मतदान केंद्राच्या याद्या इथं तोच नियम. एसटीच्या जुन्या पाट्यांत ही शहाणीव होती. 'राधानगरी', 'गारगोटी' धावत्या गाडीच्या कपाळावरून वाचता यायचं, कारण लिहिणाऱ्यानं तिथं कलाकारी आवरली होती. राजर्षी शाहूंचा १९०२ सालचा आरक्षणाचा हुकूम करवीर गॅझेटात आला. तो कुणी शेपट्या काढलेल्या अक्षरात छापला असता तर लोकांनी तो लग्नाची पत्रिका समजून बाजूला ठेवला असता.

महापालिकेनं म्हणून दोन कामं करावीत, आणि दोन्ही खिशाला झेपणारी आहेत. पहिलं, स्वतःच्या माहितीफलकांसाठी एक साधं उभं अक्षर ठरवून टाकावं आणि ठेक्याच्या अटींत ते लिहावं. 'सुंदर दिसलं पाहिजे' हे अटीत लिहिलं की ठेकेदार वेलबुट्टी लावतो, म्हणून अटीत अक्षराचं नाव लिहावं. दुसरं, शिवाजी विद्यापीठ आणि शहरातल्या चित्रकला संस्थांना सोबत घेऊन कोल्हापूरच्या पाटीअक्षराचा फॉन्ट करून घ्यावा. आधी उरलेल्या रंगीत पाट्यांचे नीट फोटो. मग जे पेंटर आहेत त्यांना मानधन देऊन पूर्ण वर्णमाला, बाराखडी, जोडाक्षरं ब्रशानं लिहायला सांगणं. मग फॉन्ट घडवणाऱ्या जाणकारांकडून त्याचं युनिकोड रूप, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मजकूर न बिघडता चालेल असं. आणि परवाना मोफत. डीटीपीवाल्यांकडे श्रीलिपीच्या काळातले जे जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट अजून चालतात त्यांत लिहिलेलं नाव उचलून दुसरीकडे डकवलं की बऱ्याचदा त्याचं कडबोळं होतं. नव्या अक्षराची अशी गत होता कामा नये.

फॉन्ट आला की उरलेसुरले पेंटरही संपतील, ही भीती मला पोकळ वाटत नाही. पण पाट्यांचं काम त्यांच्याकडून फ्लेक्सनं केव्हाच नेलं. जे गेलं ते फॉन्टनं जाणार नाही. उलट फॉन्टच्या नावात पेंटरचं नाव घालता येतं, मानधन देता येतं, आणि ज्या दुकानदाराला तो नमुना आवडला तो भिंत रंगवायला खऱ्या हाताला बोलावू शकतो. हे खरं की फॉन्टमधला 'अ' दर वेळी तोच येतो आणि पेंटरचा 'अ' जागा बघून बदलतो. आजच्या फॉन्टांत एका अक्षराची दोन-तीन रूपं ठेवता येतात, शब्दाच्या शेवटी वेगळी शेपटी आपोआप लावता येते. त्यानं पूर्ण भरपाई होत नाही. थोडी होते.

खड्डे बुजवायचे सोडून अक्षरांवर पैसे का, असंही कुणी विचारेल. महापालिका फलकांवर, कमानींवर, सेल्फी पॉइंटवर पैसे आजही घालतेच. अक्षर त्यात असतंच, फक्त निवडलेलं नसतं.

फॉन्ट तयार झाल्यावर तो पास की नापास हे समितीनं कॉन्फरन्स हॉलमध्ये ठरवू नये. चार नावं घ्यावीत. 'पापाची तिकटी', कारण त्यात दोन्ही वेलांट्या शेजारी शेजारी येतात. 'महाद्वार', 'द्व'साठी. 'गंगावेश', अनुस्वार आणि देठाच्या 'श'साठी. आणि 'त्र्यंबोली', कारण तीन व्यंजनं, वर अनुस्वार, पुढं ओकार आणि लगेच पाकळीचा 'ल' दीर्घ वेलांटी घेऊन, एवढं सगळं कलवायचं म्हणजे डिझायनरची परीक्षाच. ही चार नावं पत्र्यावर हातभर उंचीची छापून उद्यमनगरात ट्रॉल्या रंगवणाऱ्या एखाद्या जुन्या पेंटरसमोर ठेवावीत आणि त्याच्या हातात खडू द्यावा. तो जिथं जिथं फुली मारेल तिथं तिथं दुरुस्ती, आणि त्याच्या सहीशिवाय शेवटचं बिल निघू नये.